पितरांची फांदी

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर कोणी काही लिहिलेलं नाही. काका चौथीपर्यंत शिकले, बाबा आठवीपर्यंत. आईला वाचता येतं, पण ती वाचत नाही, डोळे दुखतात म्हणते. मी पहिलाच कॉलेजात गेलो, आणि तेवढ्यावर आपण लिहावं असं वाटणं हे जरा जास्तच आहे. त्यातून विषय आंब्याचा. आंब्यावर आमच्या गावातला कोणीही म्हातारा माझ्यापेक्षा बरं बोलेल, आणि ज्यांनी त्याचा खरा अभ्यास केला आहे तेही बरं बोलतील. मी यातला नाही आणि त्यातलाही नाही. शिवाय जे सांगणार आहे, ते माझं मलाच अजून पूर्ण कळलेलं नाही. तरी लिहितो. चुकलं तर समजून घ्यावं.

पनवेलहून उरणकडे जाताना गव्हाणच्या अलीकडे आमचं गाव रस्त्यापासून थोडं आत आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता कंटेनरची यार्डं झाली आहेत. एकावर एक रचलेले लाल, निळे डबे आमच्या अंगणातून दिसतात. त्या दोन यार्डांच्या मधे आमची आंब्याची वाडी आहे. बरीचशी हापूसची कलमं, काही जुनी रायवळ झाडं. जमीन बाबांची आणि काकांची मिळून आहे. काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. झाडं बघतात काकाच. बाबा शेजारच्या एका यार्डाच्या गेटवर सुपरवायझर आहेत.

मी पनवेलच्या कॉलेजात बी.एस्सी. करतो, विषय वनस्पतिशास्त्र. काकांनी गावभर सांगून ठेवलं की पोरगा झाडांचा डॉक्टर होतोय. मी त्यांना समजावलं की आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या मुळाच्या पेशी बघतो, शेतीशी त्याचा फारसा संबंध नाही. काका म्हणाले, "कांदा बगता ना? मंग आंबा बगायला काय हरकत हाय?"

तिथून माझा सगळा गोंधळ सुरू झाला.

दरवर्षी एक व्यापारी मोहोर आल्यावर येऊन अख्खी वाडी घ्यायचा. फवारणी त्याची, काढणी त्याची. काका फक्त राखण करायचे. या वर्षी तो आला, झाडांखालून फिरला, आईच्या हातचा चहा प्यायला आणि "बघतो" म्हणून गेला तो परत आलाच नाही. पाऊस दिवाळी उलटून गेली तरी पडत होता. जमीन ओली राहिली. थंडी लागायच्या वेळी लागली नाही. जिथे मोहोर यायचा तिथे तांबूस कोवळी पालवी फुटली. बघायला छान दिसत होती. काका तिच्याकडे बघून तोंड फिरवायचे.

त्याच सुमारास यार्डवाला आला. त्याला आमची वाडी भाड्याने हवी होती, अर्थात झाडं काढून. रात्रीच्या जेवणाला सगळे बसलो असताना बाबांनी विषय काढला.

"दादा, झाडं आता आपल्याला पोसत नाय. आपण झाडांना पोसतो."

"मंग पोसू," काका म्हणाले.

"किती वर्सं?"

काकांनी भात कालवला, पण घास उचलला नाही. बाबा वाईट मनाने बोलत नव्हते हे मला माहीत आहे. ते रोज यार्डात उभे असतात, कोणाची जमीन गेली आणि कोणाचं घर उभं राहिलं हे रोज बघतात.

शेवटी काका म्हणाले, "औंदा व्यापारी नको. आपणच फवारू, आपणच काढू, लोकांच्या घरी नेऊन देऊ. लोकांनी परत मागितला तर झाडं राहतील. नाय मागितला तर तू सांगशील तसं."

बाबा म्हणाले, "ठीक हाय." आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. लोकांच्या घरी नेऊन द्यायचा म्हणजे पनवेलच्या लोकांच्या. आणि पनवेलची माणसं फक्त माझ्याच ओळखीची होती.

जानेवारीत थोडी थंडी पडली आणि काही फांद्यांवर मोहोर आला. बाकीच्या फांद्यांवर पालवीच होती. फेब्रुवारीत त्याच झाडांना पुन्हा मोहोर आला. म्हणजे एका झाडावर एकाच वेळी कुठे वाटाण्याएवढी फळं, कुठे फुललेला मोहोर, कुठे नुसते डोळे, म्हणजे फांदीच्या टोकाच्या कळ्या, सुजलेले. आणि मळभ. आठवडाभर ऊन धड पडलं नाही. मोहोराजवळ गेलं की तुडतुडे तोंडावर उडायचे. हे भुरकट, पाचरीच्या आकाराचे किडे मोहोराचा रस शोषतात आणि अंगातून गोड चिकटा टाकतात. खालची पानं, गवत, काकांच्या चपला, सगळं चिकट झालं. पुढे त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. हे सगळं माझ्या पुस्तकात होतं. किड्याच्या अंड्यापासूनच्या सगळ्या अवस्था आकृतीसह होत्या. पण उद्या सकाळी फवारायचं की नाही, एवढंच पुस्तकात नव्हतं.

औषधाच्या दुकानदाराने सांगितलं, लगेच फवारा. मोबाईलवर एका व्हिडिओत सांगितलं, मोहोर फुलल्यावर फवारू नका, मधमाश्या मरतात, मग फळ कोण धरणार? दुसऱ्या व्हिडिओत सांगितलं, ठरलेल्या दिवसांनी फवारत राहा. काका म्हणायचे, "तू काय बोलतंस?" मी म्हणायचो, "विचारून सांगतो."

मी आमच्या मॅडमना विचारलं. त्या आम्हाला वनस्पतींचे रोग शिकवतात. साठीकडे झुकलेल्या, नवीन पनवेलला राहतात, विद्यार्थ्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "डिपेंड्स. झाड कुठल्या अवस्थेत आहे यावर आहे."

मी घरी येऊन तसंच सांगितलं.

"ते ठीक हाय," काका म्हणाले. "पन झाड सगल्याच अवस्थेत हाय. मंग ते डिपेंड कुठं फवारायचं?"

शेवटी काकांनीच मार्ग काढला. फुललेला मोहोर सोडून, फक्त डोळे सुजलेल्या फांद्यांवर, सकाळी मधमाश्या यायच्या आधी फवारलं. ते बरोबर होतं का, मला आजही सांगता येत नाही. फळं नेहमीपेक्षा कमी धरली. पण धरली ती चांगली वाढली.

एप्रिलमध्ये ऊन तापल्यावर फळमाशी आली. ही साधारण घरमाशीएवढी, पिवळसर असते. मादी फळाच्या सालीत सुई टोचावी तशी टोचते आणि आत अंडी घालते. बाहेर एक ठिपका दिसला तर दिसतो. आत अळ्या गर खातात. फळ कापेपर्यंत काही कळत नाही.

मी दुकानातून सापळे आणले. प्लास्टिकचा डबा, आत वास लावलेली लाकडाची चकती. माशी वासाने आत जाते आणि तिथेच मरते. आम्ही ते फांद्यांना टांगले. चार दिवसांत डब्यांच्या तळाला माश्यांचा थर बसला. काका एवढे खूश झाले की येणाऱ्या-जाणाऱ्याला डबा उघडून दाखवायचे. पोस्टमनलाही दाखवला. तो बिचारा दोन पावलं मागे सरकला.

आणि नेमकं तेव्हाच मी वाचलं की त्या वासाला फक्त नर येतात. टोचणारी असते मादी. सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. मग सांगितलं.

"काका, ह्यात फक्त नर येतात."

काकांनी डबा डोळ्यांसमोर धरला. "मंग ह्यांच्या बायका कुठं हायत?"

"फळांवर."

काकांनी डबा हलवून बघितला. "नवरेच मेले तर त्या अंडी कशी घालतील?"

प्रश्न बरोबर होता. पुस्तकातही तेच होतं की नर कमी झाले की पुढची पैदास कमी होते. पण शेजारच्या वाडीतून आलेल्या माद्यांचं काय? ज्यांची अंडी आधीच तयार आहेत त्यांचं काय? डब्यात जितक्या माश्या जास्त, तितकं आपलं काम चांगलं चाललंय, की आपल्याकडे माश्याच तितक्या जास्त आहेत? मला कळेना. मी काकांना म्हटलं, "सापळे राहू द्या." ते ठेवणारच होते.

खाली पडलेली फळं वेचून खोल पुरायची असतात, नाहीतर आतल्या अळ्या मातीत जाऊन पुन्हा माश्या होऊन बाहेर येतात. हे काम काका रोज सकाळी करायचे. एकदा मी त्यातलं एक पिकलेलं फळ उचलून घरात आणलं आणि कापून बघावं म्हणून सुरी घेतली.

"सुरी ठेव," आई म्हणाली.

"बघायचंय फक्त. खात नाही."

"ठेव बोलली ना. आखाती झाली का?"

आखाती म्हणजे अक्षय तृतीया. त्या दिवशी आमच्याकडे वाडवडिलांना पान वाढतात. पुरणपोळी आणि आंब्याचा रस. तोपर्यंत घरातल्या कोणी पिकला आंबा खायचा नाही, कापायचाही नाही. लहान मूल असलं तरी नाही. कैरी चालते. लोणचं चालतं. पिकलेलं फळ नाही. विकायला मात्र बंदी नाही. व्यापारी आखातीच्या आधीच पेट्या भरभरून न्यायचा.

"विकलेला चालतो, मग कापलेला का नाही?" मी विचारलं.

"विकला तो लोकांचा. आपल्या घरात पयला हात त्यांचा." आईने भिंतीवरच्या फोटोंकडे मान हलवली आणि माझ्या हातातलं फळ घेऊन पुरायच्या टोपलीत टाकलं.

म्हणजे आम्ही लोकांच्या घरी आंबे देणार होतो, त्या आंब्यांवर वाडीचं पुढचं सगळं ठरणार होतं, आणि ते आतून कसे आहेत हे बघायची आम्हालाच सोय नव्हती. मी हे काकांना म्हटलं. काका म्हणाले, "आतापत्तुर कदी बगितलं नाय." ते खरं होतं. आतापर्यंत बघायचं काम व्यापाऱ्याचं होतं.

काढणी सुरू झाली. आंबा झाडावर पिकू देत नाहीत. चौदा आणे तयार झाला, म्हणजे हिरवाच पण खांदे भरले, की झेल्याने देठासकट काढतात. झेला म्हणजे लांब काठीला बांधलेली जाळी. मग फळं गवतात ठेवून पिकवायची. सगळ्या झाडांवरची तयार फळं अशी काढली, एक फांदी सोडून. सगळ्यात जुन्या कलमाची घराच्या दाराकडे आलेली फांदी पितरांची. तिला झेला लावायचा नाही. त्यांच्या पानावर जो आंबा जायचा, तो झाडानेच पिकवलेला हवा. आखातीच्या सकाळी काका शिडी लावून तो हाताने उतरवतात.

मला चैन पडेना. शेवटी गवतात पिकलेला एक आंबा डब्यात घालून मी कॉलेजात नेला. आमच्या घरात कापायचा नव्हता ना? माझा मित्र पनवेलच्या मोहल्ल्यातला. त्याच्या घरी आखातीचा प्रश्न नाही. कँटीनमध्ये मी डबा त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "खा." मग सुरी आणायला काउंटरवर गेलो. परत येईपर्यंत त्याने आंबा चोळून मऊ करून, टोक काढून, चोखून संपवला होता.

"अरे, कापायचा होता."

"तू म्हणालास खा."

"आत काही होतं का?"

"आंबा होता आत. लाजवाब."

"कोयीजवळ? बघितलंस?"

"डोळे मिटून खाल्ला यार. का?"

मी सांगितलं. त्याने कोय हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग माझ्याकडे बघितलं. "हे आता सांगतोस, जालीम?" तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, आणखी एक असेल तर आण, नीट बघून खातो. पण मी आणला नाही. एका आंब्यावरून काय कळणार होतं? दोनांवरूनही काय कळलं असतं?

पेट्या मॅडमच्या सोसायटीत गेल्या. त्यांनीच शेजाऱ्यांना विचारून सांगितलं होतं. एक त्यांची, बाकी त्यांच्या इमारतीतल्या लोकांच्या. बाबांनी यार्डातून ओळखीचा टेम्पो आणला आणि स्वतः पेट्या चढवल्या. एका पेटीतलं गवत विसकटलं होतं, ते त्यांनी सारखं केलं. फळं अजून कडक होती. मॅडमनी पैसे लगेच दिले, आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पिकले की सांगते हं."

आठवडा गेला. आंबे पिकून गेले असणार. मॅडम रोज कॉलेजात भेटत होत्या. जर्नलवर सह्या घ्यायच्या होत्या, मी रांगेत उभा राहायचो. त्या माझ्या आकृत्या बघायच्या, लेबलिंग दुरुस्त करायच्या, सही करायच्या. आंब्याबद्दल एक शब्द नाही. विचारायचं कसं? पैसे आधीच मिळाले होते, त्यामुळे काही निमित्तही उरलं नव्हतं. शिक्षकांना "आंबा कसा होता" विचारणं म्हणजे कौतुक मागितल्यासारखं.

मित्र म्हणाला, "खराब असते तर लगेच बोलल्या असत्या."

मला बरं वाटलं. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "पण चांगले असते तरी लगेच बोलल्या असत्या."

घरी काका रोज संध्याकाळी विचारायचे, "मॅडम काय बोलली?"

"काही नाही अजून."

"सुट्टीवर हाय का?"

"नाही."

काका मान हलवायचे. बाबा विचारायचे नाहीत. ते जेवायचे आणि बाहेर जाऊन बसायचे. यार्डवाल्याचा फोन त्यांना येत असे. तोही ते बाहेरच घ्यायचे.

आखाती आली. काका आंघोळ करून शिडीवर चढले. पितरांच्या फांदीवरचे आंबे पिवळेधमक झाले होते, खांद्यांवर लाली आली होती. वास घरात येत होता. काकांनी एकेक फळ हाताने खुडून आईच्या परातीत दिलं. आईने ते धुतले, पुसले. पाट मांडला, केळीचं पान ठेवलं, पुरणपोळी वाढली. मग पहिला आंबा कापला.

कोयीजवळ पांढऱ्या अळ्या होत्या. त्यातली एक उडी मारून परातीच्या कडेला पडली.

आईने तो बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. त्यातही होत्या. तिसऱ्यात एका बाजूला कमी होत्या. मी काकांकडे बघू शकत नव्हतो.

"मी पनवेलहून आणतो," बाबा म्हणाले. "बाजार उघडा असंल."

"नको," काका म्हणाले. त्यांनी आईच्या हातून सुरी घेतली, एक फळ शोधलं, त्याचा चांगला गाल कापून काढला, उजेडात धरून दोनदा बघितला आणि तेवढा तुकडा पानावर ठेवला. हात जोडले. आम्ही सगळ्यांनी जोडले.

जेवणं झाल्यावर काका बाबांना म्हणाले, "यार्डवाल्याला उद्या बोलव."

"आज सण हाय, दादा. मंग बगू."

"उद्या बोलव. लोकांच्या घरी किडे पाठवले आपण. म्हणून ती मॅडम बोलत नाय. चांगल्या घरची बाई, कशी बोलंल?"

मला ते एकदम पटलं. इतके दिवस जे कळत नव्हतं ते कळलं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी माझी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. मी लवकर निघालो, कारण आधी मॅडमची माफी मागायची होती. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होतो आणि ती मोडत होती.

मॅडम लॅबमध्ये एकट्याच स्लाइड मांडत होत्या. मी म्हणालो, "मॅडम, सॉरी. आंबे खराब निघाले ते..."

"कोणाचे?"

"आमचे. तुम्हाला दिलेले."

त्यांनी हातातली स्लाइड खाली ठेवली. "अरे, काल तर उघडली पेटी. आमच्याकडे अक्षय तृतीयेच्या आधी आंबा कापत नाहीत. सासूबाईंपासूनचं आहे. शेजारचे कधीचे विचारतायत, आणखी मिळतील का म्हणून. मी म्हटलं, स्वतः खाल्ल्याशिवाय मी कसं कळवू?"

"आणि काल?"

"काल रस केला. पाहुणे होते. सगळी पेटी संपली. मीच कापत होते, एकातही काही नव्हतं." मग त्यांनी विचारलं, "तुला कोणी सांगितलं खराब आहेत?"

मी घरचं सगळं सांगितलं. पितरांची फांदी, शिडी, अळ्या. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"पेटीतले हिरवे असताना काढलेत ना? मग माशीला त्यांच्यावर वेळच मिळाला नसेल. ती पिकायला लागलेल्या फळाकडे जाते. तुमची ती एक फांदी पिकेपर्यंत झाडावर राहिली. बाकी तयार फळं काढल्यावर साऱ्या माश्या तिथेच गेल्या असतील." थोडं थांबून म्हणाल्या, "असं मला वाटतं. मी वाडी केलेली नाही. खात्रीने सांगत नाही."

म्हणजे जो आंबा आम्ही सगळ्यात जपून, सगळ्यात उशिरापर्यंत, सगळ्यात मोठ्या मानाने राखला, तोच माशीला मिळाला. आणि घरातली माणसं फक्त तोच कापतात, म्हणून आम्हाला बाकीचेही तसेच वाटले. हे खरं असेल का? की पेटीतले नशिबाने चांगले निघाले? पण विचार करायला वेळ नव्हता. मी व्हरांड्यात जाऊन घरी फोन केला. काका फोन वापरत नाहीत. आईने उचलला.

"आई, काका कुठे आहेत?"

"वाडीत. यार्डवाला आलाय मानसं घेऊन. टेप लावून मोजतात. दादा झाडाला टेकून बसलेत, बोलत नाय कोनाशी. तुजे बाबा हायत तिथं."

मी घाईघाईने सांगितलं. मॅडमकडेही आखातीआधी आंबा कापत नाहीत, त्यांनी काल कापले, सगळे चांगले होते, शेजारी आणखी मागतायत.

"काय? सावकाश बोल."

मी पुन्हा सांगितलं.

"थांब," आई म्हणाली आणि फोन कट झाला. की तिने ठेवला, कळलं नाही. तेवढ्यात घंटा झाली. मोबाईल बॅगेत घालून बॅग बाहेर ठेवावी लागली.

परीक्षेत मला कांद्याच्या मुळाचीच स्लाइड आली. इतक्या वेळा केलेली. तरी चित्र स्पष्ट होईना. फिरवता फिरवता भिंग काचेला टेकलं. मॅडम शेजारून गेल्या, नुसतं बोटाने नॉब किंचित मागे फिरवला.

बाहेर आल्यावर फोन बघितला. काही नव्हतं. मी लावला, कोणी उचलला नाही. बाबांना लावला, त्यांचाही नुसता वाजत राहिला. मित्र माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आला. त्याची घरची वाट उलट बाजूला होती, तरी आला.

"तोडली असतील का रे झाडं?" मी विचारलं.

"एका सकाळीत? नाही. पण हो म्हटलं असेल," तो म्हणाला. मग माझं तोंड बघून म्हणाला, "किंवा नसेल. मला काय माहीत."

उरणकडची एक बस आली आणि भरून गेली. मी चढलो नाही. का चढलो नाही ते मला सांगता येत नाही. घरी जाऊन बघण्यापेक्षा आधी ऐकायचं होतं बहुतेक. मित्राने उसाचा रस आणला. ग्लास माझ्या हातात तसाच राहिला, वर माश्या बसायला लागल्या.

मग फोन वाजला. आईचा.

"गेला तो," ती म्हणाली. तिला धाप लागली होती.

"कोण?"

"यार्डवाला. तुजा निरोप मी वाडीत जाऊन सांगितला. मंग तुजे बाबाच गेले त्याच्याकडं. बोलले, औंदा नाय जमायचं, लोकांनी आंबा परत मागितलाय. तो टेप गुंडालून गेला. आता दोगं बसलेत, मागाहून आलेल्या मोहोराचं अजून कुठं काय शिल्लक हाय ते बगतात. आन् ऐक. दादा इचारतात, पुडच्या आखातीला पितरांचा आंबाबी आदीच झेल्यानं काढला, आन् गवतात पिकवून पानावर ठेवला, तर चालंल का?"

"हे मला विचारतात?"

"तुला नाय. त्या मॅडमला इचार, बोलले. तिच्याकडंबी आखाती पालतात ना."